तिसरा महिना, नववा दिवस

पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानात घातलेली कागदाची चिठोरी नऊ मिलिमीटर बाहेर आली होती. तेवढाच भाग पिवळा पडला होता. पानांच्या दाबाखाली राहिलेला भाग अजून पांढरा होता, आणि दोन्हींमधली रेघ फूटपट्टी धरून आखल्यासारखी सरळ होती. बाईंनी ते खरंच मोजलं. फूटपट्टी टेबलावर पडलेली होती, म्हणून मोजलं. मग चिठोरी होती तशी आत सरकवली, पुस्तक खोक्यात ठेवलं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा काढून टेबलावर ठेवलं.

निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. खोली रिकामी करायची होती. सहा कपाटांपैकी अडीच रिकामी झाली होती, त्यांतली दोन हलवली होती आणि भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. बाई रोज सकाळी येत, तीन खोकी भरत, त्यांवर आकडा घालत आणि चहा पीत. वाईट वाटतंय का, असं विभागातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारून झालं होतं. “नाही हो,” बाई म्हणत, आणि ते खरं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपल्याच गालाला बोट लावावं आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा, तसं काहीसं त्यांचं बरीच वर्षं चाललं होतं. दुखत नव्हतं. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

इतिहास विभागात युरोपचे दोघं, राज्यघटनेचा एक, जुन्या नाण्यांचा एक आणि चीनच्या बाई, अशी मोजणी असे. चीन त्यांनी निवडला असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. कॉलेजात परदेशी भाषा घ्यायच्या वर्षी फ्रेंचचा वर्ग भरला होता, जर्मनचा भरला होता, आणि चिनीच्या रकान्यात तीनच नावं होती. चौथं त्यांनी लिहिलं. “तिकडे काय आपला जमीनजुमला आहे?” वडील म्हणाले होते. “राहू द्या हो,” थोरली बहीण म्हणाली होती, “वर्षभरात परत येईल. आली तर निदान चहा तरी बरा करील.”

बाई वर्षभरात परत आल्या नाहीत. आधी चार वर्षं अक्षरं गिरवण्यात गेली. मग एका नदीकाठच्या गावातल्या दफ्तरखान्यात दीड वर्ष गेलं. तिथे शेगडी खोलीच्या एका टोकाला आणि परदेशी वाचकांचं टेबल दुसऱ्या टोकाला होतं. शाई न्यायची नाही, फक्त पेन्सिल. दिवसाला एकच गठ्ठा मिळे. दफ्तर सांभाळणारी म्हातारी एक शब्द बोलत नसे, पण सकाळी बाई येण्याआधी पाच पेन्सिली टोक काढून ओळीने ठेवलेल्या असत. अकराव्या महिन्यात तिने न मागता एक पातळ वही पुढे सरकवली. सुईणींच्या शाळेची नोंदवही होती ती, पहिल्या वर्षाची. पहिल्या पानावर नोंद ठेवणाऱ्या मुलीने स्वतःबद्दल एक ओळ लिहिली होती: वय एकोणीस, लिहिता येतं, म्हणून हे काम मला दिलं.

त्या वहीत दोनशे बारा नोंदी होत्या. बाईंनी सगळ्या पेन्सिलीने उतरवून घेतल्या. त्यांतली पहिली अशी होती: तिसरा महिना, नववा दिवस. आज अकरा जणी बसलो. शाळा काढायचं ठरलं.

बाईंचं सगळं आयुष्य या एका ओळीवर उभं राहिलं, असं म्हटलं तर फार मोठं वाटेल, पण हिशेब तसाच होता. सुईणींना शिकवा, असा प्रांताच्या सरकारचा हुकूम त्याच वर्षी एक एप्रिलला निघाला होता. तिसरा महिना म्हणजे मार्च. नऊ मार्च ते एक एप्रिल, तेवीस दिवस. वरून कुणी सांगायच्या तेवीस दिवस आधी, नदीकाठच्या एका आडगावात अकरा बायका आपण होऊन बसल्या आणि त्यांनी शाळा काढायचं ठरवलं. तोवर सगळे विद्वान म्हणत होते की त्या काळात जे काही झालं ते वरून खाली झालं. बाईंनी दाखवलं की निदान एकदा तरी ते खालून झालं होतं. पुस्तकाचं नाव ‘हुकमाआधी’. त्याच्यावर बाईंना कायमची जागा मिळाली, मग पद मिळालं, मग परिषदांची आमंत्रणं आली. परीक्षेत दरवर्षी त्यावर दहा मार्कांचा प्रश्न असे. विद्यार्थी तर सुट्टी मागतानाही म्हणत, “बाई, तेवीस दिवस नकोत, दोनच द्या.”

ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू चिठोरीवर होती.

अकरा वर्षांपूर्वी बाईंना भलतंच काहीतरी शोधायचं होतं. त्याच नदीत एक होडी बुडाल्याचा कागद सापडला होता, आणि त्या रात्री अंधार होता की नाही हे पाहायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या खगोलाच्या सरांनी चंद्राच्या कलांचं जुनं छापील कोष्टक दिलं. रकान्यावरून बोट खाली नेताना ते एका आकड्यावर थांबलं. पंधरा मार्च, शाळा काढली ते वर्ष. त्यापुढे अर्धं वर्तुळ छापलेलं होतं. अर्धा चंद्र.

बाईंना नोंदवहीतली दुसरी नोंद पाठ होती. पाठ असणारच, पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाच्या डोक्यावर, एकशे बाराव्या पानावर त्यांनी ती सजावटीसारखी लावली होती: तिसरा महिना, पंधरावा दिवस. पलीकडच्या काठाला बाळंतपण. चंद्र पूर्ण होता, कंदील नेला नाही.

अर्ध्या चंद्राच्या रात्री चंद्र पूर्ण कसा असेल? तिथी आणि तारीख यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला याचं उत्तर सांगावं लागत नाही. जुन्या मोजणीत महिना चंद्राबरोबर चालतो आणि पंधराव्या दिवशी चंद्र पूर्णच असतो. सरकारने ती मोजणी बंद केली होती, कचेऱ्यांत नवं कॅलेंडर सक्तीचं होतं, नोंदवहीच्या प्रत्येक पानावर नव्या कॅलेंडरची चौकट छापलेली होती आणि खाली तपासनिसाचा शिक्का होता. बाईंनी त्या छापील चौकटीवर विश्वास ठेवला होता. चौकट सरकारची होती, पण आत लिहिणारी मुलगी आईकडून शिकलेल्या मोजणीने लिहीत होती. आणि बाईंची स्वतःची आई? तिला तर घरातल्या कुणाचाच वाढदिवस तारखेने सांगता येत नसे.

जुन्या मोजणीतला तिसरा महिना, नववा दिवस म्हणजे चौदा एप्रिल. हुकमाच्या तेवीस दिवस आधी नव्हे, तेरा दिवस नंतर. अकरा बायका आपण होऊन बसल्या नव्हत्या. हुकूम आला म्हणून बसल्या होत्या.

बाईंनी एका चिठोरीवर दोन ओळी लिहिल्या. ‘१५ मार्च, अर्धा. २० एप्रिल, पूर्ण. म्हणून ९ = १४ एप्रिल.’ ती एकशे बाराव्या पानात ठेवली आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा मंडळाची बैठक होती. त्यानंतरच्या आठवड्यात पेपर आले. मग सुट्टी. सुट्टीनंतर लिहू, असं ठरलं. बाईंना आठवतं तितपत, सांगायचं नाही असं त्यांनी कधीच ठरवलं नाही. फक्त सांगायचा दिवस ठरवला नाही. अकरा वर्षं अशी गेली.

सोमवारी मुंगी आली.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण विभागात तिला सगळे मुंगी म्हणत, आणि तीही त्याला ओ देई. दफ्तरखान्यातून कणाकणाने माल आणायची, चालायची भरभर, आणि स्वतःच्या वजनापेक्षा जड पिशवी खांद्यावर. बाईंची ती शेवटची विद्यार्थिनी. पाच वर्षं हंगामी शिकवत होती. पुढच्या महिन्यात कायमच्या जागेची निवड होती आणि त्याआधी पुस्तक छापायला गेलेलं असणं बरं, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं.

“घ्या,” तिने पिशवीतून चारशे पानं टेबलावर टाकली. “तुमच्या खोक्यांत अजून एक ओझं.”

“झालं?”

“झालं म्हणजे काय, हात दुखायला लागले म्हणून थांबले.” ती खुर्चीवरची फाइल उचलून खाली ठेवून बसली. “बाई, प्रस्तावना शुक्रवारपर्यंत. प्रकाशक डोकं खातोय. दोनच पानं लिहा. माझं कौतुक नको. म्हणजे थोडं करा, अगदीच नको असं नाही.”

“तुला तेवीस दिवसांवर किती पानं लागली?”

“तेवीस दिवसांवर? अहो, सगळं पुस्तकच त्याच्यावर आहे. तुम्ही एक गाव दाखवलंत. मी आणखी सहा गावं घेतलीत. तुमचं गाव पहिलं, मग बाकीच्यांनी त्यांचं पाहून केलं. पहिली दोन प्रकरणं म्हणजे तुम्हीच.” ती हसली. “नाव माझं, पुण्याई तुमची.”

बाईंनी पानांची कड टेबलावर आपटून सारखी केली. एवढ्यात प्रमुख दारात आले. बाईंचेच जुने विद्यार्थी, पण आता विभागाचे प्रमुख, म्हणून दारातच उभे राहून बोलायचे. आत आलं तर बसावं लागतं.

“बाई, निरोपाच्या भाषणाला तेवीस मिनिटं ठेवलीत तुम्हाला. मुद्दाम,” ते म्हणाले. “केकवरही आकडाच घालणार होतो, पण लोकांना वाटेल बाई तेविशीतच निवृत्त होतायत.”

“आणि तुला केक कापता येत नाही,” बाई म्हणाल्या. “गेल्या वेळी पुठ्ठ्यासकट कापलास.”

“ते जाऊ द्या. ‘हुकमाआधी’ची नवी आवृत्ती काढायचं म्हणतायत. काही बदल?”

बाईंच्या डोळ्यांसमोर चिठोरीचे नऊ मिलिमीटर होते. “बघू,” त्या म्हणाल्या.

घरी ताई भाजी चिरत होती. ताई म्हणजे थोरली बहीण, औषधाच्या दुकानात छत्तीस वर्षं उभी राहून निवृत्त झालेली. मेहुणे गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. ताईच्या पायांच्या नसा फुगल्या होत्या, पण जीभ शाबूत होती.

“हे काय घेऊन आलीस? अजून चीन?” तिने पिशवीकडे सुरी दाखवली. “मला वाटलं आता पाच आठवड्यांत घरातून चीन जाईल आणि मला एक कपाट मिळेल.”

“मुंगीचं पुस्तक आहे.”

“मग तोंड असं का? पोरीने वाईट लिहिलंय?”

“वाचलं नाही अजून.”

“वाचलं नाहीस तर तोंड आधीच कसं पडलं?” ताईने टोपलीतून एक शेंग उचलून बाईंसमोर टाकली. सोल, एवढाच त्याचा अर्थ. बाई सोलू लागल्या. “धाकटे, तू गेली दहा वर्षं काहीतरी मूग गिळून बसलीयस. मला काय ते कळत नाही, आणि चीनमधलं असेल तर कळणारही नाही. पण गिळलंयस.”

“अकरा,” बाई म्हणाल्या.

“बघ! आकडासुद्धा तयार आहे.”

बाईंनी दुसरी शेंग घेतली. ताईने ओढून विचारलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “मी एकदा एका माणसाला दुप्पट ताकदीचं औषध दिलं होतं, सांगितलं होतं का? बाटल्या शेजारी शेजारी होत्या. तो गेला आणि मला कळलं. तशीच ॲप्रनवर धावत सुटले. दुकान उघडं. बसस्टॉपवर गाठला त्याला. धापा टाकत म्हटलं, अहो, ते पिऊ नका, चुकीचं आहे. तर म्हणतो कसा, ताई, घाबरू नका, मी औषध पीतच नाही. बायकोला दाखवायला नेतो आणि मोरीत ओततो.”

बाईंना हसू आलं, म्हणजे ओठ हलले. “म्हणजे धावलीस ते फुकटच.”

“फुकटच की. वर मालकाने झापलं, दुकान उघडं टाकलं म्हणून.” ताईने चिरलेली भाजी पातेल्यात ढकलली. “झोप मात्र लागली हो त्या दिवशी.”

मंगळवार बाईंनी खोकी भरण्यात घालवला. बुधवारी सकाळी त्यांनी मुंगीची पानं उघडली. पोरीने चांगलं लिहिलं होतं. वाक्यं छोटी, पुरावे मोठे, फुशारकी नाही. पहिल्या प्रकरणात ‘तेवीस दिवस’ हे शब्द एकोणीस वेळा आले होते. बाई पेन्सिलीने मोजत गेल्या. दुसऱ्या प्रकरणात मुंगीने काहीतरी नवं आणलं होतं. शाळेच्या कामात असलेल्या एका डॉक्टरणीची पत्रं तिला सापडली होती, शहरातल्या भावाला लिहिलेली. डॉक्टरीण शिकलेली होती, तारखा नव्या कॅलेंडरने घालायची. एका पत्रावर पंधरा एप्रिल होती. त्यात लिहिलं होतं: हुकूम आल्यापासून घाईच चालली आहे. काल अखेर सगळ्या बसलो. अकरा जणी होतो.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

काल म्हणजे चौदा एप्रिल. चिठोरीवर अकरा वर्षांपूर्वी पेन्सिलीने लिहिलेला आकडा. कोष्टकातून काढलेला, कुणी न पाहिलेला तो दिवस आता एका बाईने भावाला लिहून ठेवलेला निघाला. पुढे मुंगीने यातून वाट काढली होती. काढावीच लागली असती. बाईंचा नऊ मार्च तर पक्का धरलेला. तिने लिहिलं होतं की ही दुसरी सभा असली पाहिजे. आणि खाली तळटीप होती:

‘ही दुसरी सभा शाळेच्या नोंदवहीत आढळत नाही. नोंद ठेवणारी मुलगी अल्पशिक्षित होती. तिने निष्काळजीपणे ही नोंद गाळली असावी.’

बाईंनी टीप पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

त्या वहीत एक डाग होता. एकशे चाळीसाव्या नोंदीपाशी शाईचा थेंब पडला होता, आणि मुलीने शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: माझ्या हातून पडला, क्षमा असावी. दोनशे बारा नोंदींत एवढा एकच डाग. बाळ गेलं तर ते लिहिलेलं, आई गेली तर ते, पाऊस होता म्हणून उशीर झाला तर किती झाला ते. कंदील नेला नाही हेसुद्धा लिहिलेलं, बहुधा तेल किती लागलं हे कुणीतरी विचारेल म्हणून. तिने दिवस बरोबर लिहिला होता. तिला ठाऊक असलेल्या मोजणीने अगदी बरोबर. चंद्र पाहून कुणालाही पडताळता येईल इतका.

आणि आता तिच्यामागे इतक्या वर्षांनी तिच्या नावापुढे ‘निष्काळजी’ असं छापलं जाणार होतं. कुणाची तरी तारीख टिकावी म्हणून.

बाईंना काही वाटायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली. रडू आलं नाही, छाती भरून आली नाही. फक्त गालातली बधिरता उतरताना जिथे आधी मुंग्या येतात, तशी कुठेतरी बारीक चुणचुण झाली. त्यांनी ‘निष्काळजीपणे’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. टोक मोडलं. दुसरी पेन्सिल घेऊन रेघ पुरी केली.

गुरुवारी दुपारी त्यांनी मुंगीला बोलावून घेतलं.

“प्रस्तावना?” दारातूनच ती म्हणाली.

“बस आधी. दार लोटून घे.”

मुंगीने दार लोटलं, पण खोकं आड आलं म्हणून ते अर्धं उघडंच राहिलं. बाईंनी पुस्तक एकशे बाराव्या पानावर उघडलं आणि चिठोरी तिच्यासमोर ठेवली. शेजारी कोष्टकाची झेरॉक्स. मुंगीने चिठोरी वाचली. झेरॉक्स पाहिली. मग पान वाचलं, कंदिलाची ओळ. तिला वेळ लागला नाही. बाईंनीच शिकवलेली होती. तिचा चेहरा हळूहळू सपाट होत गेला.

“हे मुलीने जुन्या मोजणीने लिहिलंय,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे माझ्या डॉक्टरणीची सभा दुसरी नाही. तीच.”

“तीच. अकरा जणी.”

“तुम्हाला हे काल कळलं?”

“नाही.”

मुंगीने चिठोरी उलटी केली. मागे जुन्या परीक्षेच्या वेळापत्रकाचा तुकडा होता, साल छापलेला. तिने मनात वजाबाकी केलेली बाईंना दिसली.

“बाई, त्या वर्षी मी तुमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात होते,” ती म्हणाली. “तुम्ही आम्हाला तेवीस दिवस शिकवलेत. मी पेपरात लिहिलं. तुम्ही मला दहापैकी दहा दिलेत.”

“हो.”

“हो काय! काहीतरी बोला ना.”

“काय बोलू? तू बरोबर बोलतेयस.”

मुंगी उठली, कपाटाच्या फिकट चौकोनापाशी गेली, परत आली. “दोन प्रकरणं गेली. पुढच्या महिन्यात निवड आहे. त्या जुन्या नाण्यांवाल्यांचा भाचा अर्ज करून बसलाय, माहीत आहे ना तुम्हाला? मी काय घेऊन जाऊ तिथे? रद्दी?”

“शोध तुझा आहे. कोष्टकाने फक्त शंका येते. तुझ्या पत्राने सिद्ध होतं. ते मी लिहून देईन.”

“शोध! माझंच घर पाडायला मीच कुदळ शोधून आणली.” ती खाली बसली आणि आवाज उतरवून म्हणाली, “ऐका. पत्र काढून टाकते. त्या एका पत्राशिवाय काही अडत नाही. टीपही जाईल मग. कुणाला कळणार आहे? दफ्तरखान्यात तो गठ्ठा माझ्याआधी कुणी सोडलेलाही नव्हता. दोन वर्षांनी, मी कायम झाल्यावर, मग लिहू आपण. दोघी मिळून लिहू. चालेल ना?”

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. परीक्षा मंडळाची बैठक होऊ दे, मग. सुट्टी होऊ दे, मग. मुंगीच्या चेहऱ्यावर त्यांना लबाडी दिसली नाही. फक्त अकरा वर्षांची सुरुवात कशी दिसते ते दिसलं.

“आणि ती मुलगी?” त्या म्हणाल्या.

“कोण मुलगी?”

“नोंदवाली. तिला तू निष्काळजी म्हटलंयस.”

“अहो बाई, ती कधीच मेली असेल! तिचं काय बिघडतंय? आणि म्हटलं ना, टीप काढते.”

“टीप तू काढशील. पण माझ्या पुस्तकात तिची तारीख चुकीची छापलेली आहे, ती राहीलच. ती तिने चुकवलेली नाही.”

मुंगीचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. खिडकीखाली कुणीतरी सायकल लावत होतं. स्टँड दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटायला हवं होतं, पण हात टेबलावरच राहिले, चिठोरीच्या दोन्ही बाजूंना.

अर्ध्या उघड्या दारातून प्रमुखांनी डोकं आत घातलं.

“बाई, प्रकाशकाचा माणूस ऑफिसात फोनवर आहे. म्हणतो उद्यापर्यंत थांबायचं कशाला, तयार असेल तर आजच द्या. तयार आहे ना?” मग त्यांनी मुंगीकडे पाहिलं. “काय झालं? कौतुक कमी पडलं का?”

मुंगीने बाईंकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको अशी. बाईंनी ती पाहिली. त्यांनी चिठोरी उचलली, पिवळा भाग आणि पांढरा भाग दोन्ही अंगठ्याखाली धरले. बोलायला लागल्यावर आवाज त्यांना स्वतःचाच वाटला, याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

“प्रस्तावना नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांग, आधी एक दुरुस्ती छापायची आहे, माझ्या नावाने, मुंगीच्या पुस्तकाच्या आधी. तिसरा महिना, नववा दिवस म्हणजे चौदा एप्रिल. ती शाळा हुकमानंतर निघाली. चूक माझी आहे आणि ती मला अकरा वर्षं माहीत आहे, हेही छापायचं. आणि पहिलं वाक्य आत्ताच लिहून घ्या म्हणावं, नोंदवही बरोबर होती.”